खांबापलीकडची बाजू

“टाळ?” मी म्हणालो. “चिपळ्या? कीर्तन?”

फुलवालीने मान हलवली. तिला काही कळलं नव्हतं, पण गिऱ्हाईक सोडायची तिची इच्छाही नव्हती.

मी पिशवी खाली ठेवली. उजवा हात उंच केला, बोटं मिटली-उघडली आणि तोंडाने ‘छुन छुन’ करत जागच्या जागी दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे झालो. वय एकोणसत्तर, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. चेन्नईच्या पल्लावरम उपनगरात, शुक्रवारच्या बाजारात, जुनी घड्याळं, मोडकी शिवणयंत्रं, कबुतरं आणि रोपांच्या कुंड्यांमध्ये उभा राहून मी कीर्तन करत होतो. फुलवालीचा चेहरा एकदम उजळला. तिने माझा दंड धरला, तीन पथाऱ्या ओलांडून मला एका प्लास्टिकच्या सामानवाल्यापुढे उभं केलं, आणि त्याने मोठ्या अदबीने माझ्या हातात डास मारायची रॅकेट ठेवली.

मी ती घेतली. तमिळमध्ये नाही कसं म्हणायचं, ते तोवर शिकलो नव्हतो.

संध्याकाळी केतकी, माझी सून, हसून हसून भिंतीला टेकली. “बाबा, पुढच्या वेळी मृदंग वाजवून दाखवू नका. रोड रोलर घेऊन याल.”

मुकुंदही हसला, पण मग गंभीर झाला. माझा मुलगा हसण्यात फार वेळ घालवत नाही. “बाबा, एक विचारू? मिरजेत घरापासून शंभर पावलांवर दर सोमवारी कीर्तन होतं. आई गेल्यापासून तिथे तुम्ही एकदाही गेला नाहीत. देवळातले जोशीबुवा घरी बोलवायला आले, तर तुम्ही पोट बिघडलंय म्हणालात. आणि इथे, जिथे आपल्याला कुणी विचारत नाही, तिथे गल्लोगल्ली कीर्तन शोधत फिरताय. हे काय आहे?”

“रॅकेट चांगली आहे,” मी म्हणालो. “चार्ज कशी करायची?”

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. शरयू जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. मुकुंद मला मिरजेहून घेऊन आला, तो कायमचा ठेवून घ्यायच्या बेतानेच. आमची मिरजेची जागा भाड्याची. सोडणार की ठेवणार, ते मालकांना वर्षअखेर कळवायचं होतं. मुकुंदने विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, “तुझ्या या गावात मला एक कीर्तन मिळालं, तर राहतो. नाही तर मी आपला जातो परत.” त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी थट्टा करत नव्हतो.

कीर्तनाचा नाद मला लहानपणापासूनचा. शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण माणसाला जगायला लागतं ते मला बुवांनी शिकवलं. बुवा उभे राहिले, पेटीने सूर धरला, पूर्वरंगात नामाचा महिमा सुरू झाला की माझ्या अंगातला दिवसभराचा शीण उतरायचा. मध्यंतरात बुवांच्या गळ्यात हार पडतो, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागतो, आणि मग कथा सुरू होते. तीच कथा शंभरदा ऐकलेली असते, तरी प्रल्हादाला कड्यावरून ढकललं की मी आपला पुढे सरकून बसतोच.

तर केतकीने माझा शोध आपल्या अंगावर घेतला. रोज सकाळी कामावर जाताना ती फ्रिजवर चिठ्ठी लावून जायची. बस कितीची, कुठे उतरायचं, काय बघायचं. खाली एक ओळ, ‘काय पाहिलं ते मागे लिहून ठेवा.’ पोरीला वाटायचं, हिंडून हिंडून यांचं मन रमेल, आणि मग कीर्तन मिळो न मिळो, राहतील.

आणि खरं सांगतो, शहर रमण्यासारखं होतं. शहराच्या मध्यापेक्षा त्याच्या कडेकडेची गावं मला फार आवडली. पल्लावरमच्या तळ्याकाठी बायका केळीच्या पानावर वाटे लावून भाजी विकत. तांबरमला स्टेशनाबाहेर शहाळी सोलून देणारा एक म्हातारा होता, तो गिऱ्हाइकाकडे न बघता सोलायचा आणि एकही फुटायचं नाही. नंगनल्लूरच्या गल्ल्यांत सकाळी प्रत्येक दारापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी असे, आणि ओट्यावर बसून म्हातारे मोठ्याने वर्तमानपत्र वाचत. एका कोळीवाड्यात तर मी तासभर नुसता जाळी विणताना बघत बसलो होतो.

घरी आलो की चिठ्ठी उलटी करायचो, पेन घ्यायचो. काय लिहायचं? शहाळेवाल्याची गंमत सांगायची तर सांगताना मध्येच कुणी तरी ‘अहो पण हात कापत नाही का त्याचा?’ म्हणायला हवं. ते म्हणणारं माणूस गेलं होतं. मी लिहायचो, ‘पाहिलं.’ एवढंच. केतकीकडे अशा ‘पाहिलं’च्या तीसेक चिठ्ठ्या जमल्या असतील.

एका बुधवारच्या चिठ्ठीवर समुद्राच्या रस्त्यावरची शिल्पांची बाग होती. चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी मिळून तिथे फार वर्षांपूर्वी घरं बांधली होती आणि झाडांखाली आपली शिल्पं मांडली होती. काळा दगड, गंजलेलं लोखंड, तांब्याचे पत्रे. मी मूर्ती बघत वाढलेला माणूस. मूर्तीला नाक असतं, डोळे असतात, हातात काहीतरी असतं, त्यावरून देव ओळखायचा. इथे एकालाही धड तोंड नव्हतं. एका दगडातून फक्त एक पाठ बाहेर आली होती. बसलेल्या बाईची, जरा वाकलेली, निवडण-टिपण करत असल्यासारखी. पुढे जाऊन बघावं तर पुढून तो नुसता दगड. कारागिराने हातच लावला नव्हता.

मी त्या पाठीच्या मागच्या बाकावर बसलो.

“तुम्ही मराठी?”

मी दचकलो. शेजारी एक उंच, काळासावळा गृहस्थ उभा होता, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात स्टीलचा चार कप्प्यांचा डबा.

“टोपी बघितला,” तो म्हणाला. “मी दौंडला सहा वर्ष होता. रेल्वे. गुड्स क्लार्क. वैद्यनाथन माझा नाव. मराठी चांगला येतो मला.”

दोन महिन्यांत घराबाहेर कानावर पडलेलं ते पहिलं मराठी. मी उठून त्याचा हातच धरला.

वैद्यनाथनची मुलगी तिथल्या कचेरीत कामाला होती. दर बुधवारी तो नंगनल्लूरहून दोन बस बदलून तिला घरचा डबा पोचवायचा. त्याला शिल्पांची माझ्याहूनही कमी माया होती. “हा लोखंड दौंड यार्डात असता तर मी भंगारात काढला असता,” म्हणाला. पण बोलायला फार हौशी. दौंडची थंडी, दौंडचा चहा, मालगाडीतून चोरीला गेलेली कांद्याची पोती, सगळं त्याने एका दमात सांगितलं. भाषेतल्या सगळ्या बायका पुरुष करून टाकलेल्या, पण ऐकायला मोठं गोड वाटत होतं.

मग त्याने विचारलं, “सर, एकटा फिरता? तुमचा बायको कुठे आहे?”

विचारायला काय, सरळ प्रश्न होता. माझ्या तोंडून उत्तरही सरळ निघालं.

“मिरजेला असते.”

“बरा आहे ना?”

“बरी आहे. तिला इकडचा उकाडा सोसत नाही.”

मी असं का बोललो, ते त्या वेळी मला कळलं नाही. तोंडात जीभ असते तसं ते वाक्य तिथे आधीपासून होतं. खोटं बोलल्यावर लाज वाटायला हवी होती. वाटलं ते उलटंच. ती खरोखर मिरजेला असल्यासारखं वाटलं, संध्याकाळचे पाच वाजलेत आणि ती ओट्यावर गव्हातले खडे काढत बसलीय असं. त्या उकाड्यात मला एकदम गार वाटलं.

तीन बुधवार आम्ही भेटलो. तिन्ही बुधवारी त्याने शरयूची चौकशी केली आणि मी तिची खुशाली सांगितली. एकदा तिचे गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, तर पुढच्या बुधवारी त्याने एक तेलाची बाटली आणून दिली. “माझा बायकोने दिला. मिरजेला पाठवा.” ती बाटली मी घरी नेऊन कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली. त्या दिवशी मात्र मला जेवण गेलं नाही.

चौथ्या बुधवारी मी त्याला म्हणालो की वर्षअखेर जवळ आलीय आणि मी बहुधा परत जाणार. का, ते सांगितलं. वैद्यनाथनने कपाळावर हात मारला.

“आधी बोलायचा ना! तुम्ही कीर्तन शोधता आणि नंगनल्लूरला या महिन्यात रोज संध्याकाळी हरिकथा. मार्गशीर्ष चालू आहे. तो तुमचाच आहे, सर. तंजावरला तुमचा मराठी राजा होता, त्याच्याबरोबर तुमचे बुवा आले. आमच्या लोकांनी शिकून घेतला. उद्या चार वाजता या.”

दुसऱ्या दिवशी मी साडेतीनलाच तिथे होतो. गल्लीच्या टोकाला लहानसं देऊळ, शेजारी कौलारू सभामंडप, मध्ये दगडी खांबांची एक रांग. वैद्यनाथन बायकोला घेऊन आला होता. पट्टम्माळ बुटकी, गोल, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या. तिने मला हात जोडले, आपल्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं, मग लांब कुठेतरी मिरजेच्या दिशेने दाखवून प्रश्नार्थक मान हलवली. तेलाने गुण आला का? मी मान डोलावली. ती खूश होऊन खांबांच्या पलीकडे गेली.

कारण पलीकडे बायका बसल्या होत्या आणि अलीकडे पुरुष. कुणी सांगितलं नव्हतं, पाटी नव्हती. आमच्या देवळात बसतात तसेच आपोआप बसले होते.

कथेकरी बाई साठीच्या, नऊवारी नेसलेल्या. नेसायची तऱ्हा वेगळी, पण नऊवारीच. हातात चिपळ्या. गळ्यात हार पडला, मृदंगावर थाप पडली, आणि बाई एक पाऊल पुढे आल्या. भाषा एका अक्षराने कळत नव्हती. पण त्यांनी कमरेला फडक्याची पुरचुंडी बांधल्याचं दाखवलं, ती लाजून पदराआड लपवली, आणि माझ्या ध्यानात आलं, हा सुदामा! हे पोहे! बायको शेजारणीकडून मागून आणून बांधून देतेय, आणि म्हणतेय, जा, एकदा भेटून तर या. पुढचं मला भाषेवाचून कळत गेलं. सुदामा द्वारकेच्या दारात अडखळला, तिथे बाई थांबल्या, डोळे मिटले आणि त्यांनी चाल बदलली. ती साकी होती, बुवा कथेत गातात तो पद्यप्रकार. आमची साकी, तीच वळणं, तोच शेवटी घसरत येणारा सूर, आणि शब्द मराठी. उच्चार असे की दौंडच्या वैद्यनाथनलाही हसू यावं, पण मराठी.

माझे हात टाळी धरू लागले. आणि मी कशासाठी एवढा वणवण फिरत होतो, ते मला त्या टाळीत कळलं.

लग्न झाल्यापासून चव्वेचाळीस वर्षं आम्ही दोघं कीर्तनाला बरोबर जायचो आणि एकदाही शेजारी बसलो नाही. मी पुरुषांत, ती बायकांत, तिसऱ्या खांबाच्या पलीकडे. मला ती दिसायची नाही. दिसायची गरजही नसायची. ती तिकडे आहे, तीच कथा ऐकतेय, मला हसू आलं तेव्हा तिलाही आलं असणार, एवढं पुरे असायचं. जगात कीर्तन ही एकच जागा अशी होती, जिथे ती शेजारी नसणं हेच रीतसर होतं. मिरजेत मात्र कीर्तनाला जाता येईना. तिथे तिची जागा सगळ्यांना ठाऊक होती. ती जागा रिकामी ठेवून बायका सरकून बसल्या असत्या, आणि मला ते दिसलं असतं. इथे तसं काही नव्हतं. इथे खांब होता, खांबापलीकडे बायका होत्या, आणि त्यांत ती नव्हती असं कोण सांगणार होतं?

दीड तास मी विधुर नव्हतो. देवाने सुदाम्याचे पाय धुतले तेव्हा पलीकडून बायकांचे हुंदके ऐकू आले, आणि त्यांतला एक मी ओळखला सुद्धा.

आरती झाली. हातावर गूळपोह्यांचा प्रसाद पडला. लोक उठले. मी बाहेर आलो, चपला घातल्या आणि चपलांच्या ढिगापासून चार पावलांवर, भिंतीला लागून उभा राहिलो. कीर्तन सुटल्यावर नेहमी राहायचो तसा. बायकांचं आवरायला वेळ लागतो. एकीशी बोलायचं राहिलेलं असतं, एकीचा प्रसाद बांधून घ्यायचा असतो. मग ती येते, चपला शोधताना पुटपुटते, आणि आम्ही चालायला लागतो.

शेजारी वैद्यनाथन तसाच उभा होता. ढीग कमी होत गेला. मी एकेक चेहरा बघत होतो. पट्टम्माळ आली, एक चप्पल सापडली, दुसरीसाठी वाकली, नवऱ्याने ती पायाने पुढे सरकवून दिली. ती काहीतरी करवादली. मग दोघं माझ्याकडे बघत थांबले. मी दाराकडे बघत होतो. आणखी दोघी बाहेर आल्या आणि गेल्या. मृदंगवाला आला. शेवटी कथेकरी बाई, हार हातात घेऊन, आपल्या चपला घालून निघून गेल्या. जमिनीवर आता एकही चप्पल उरली नव्हती.

“सर,” वैद्यनाथन हळूच म्हणाला. “माझा बायको आला. तुम्ही कुणासाठी थांबलात?”

“येईल इतक्यात,” मी म्हणालो.

“कोण?”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरंच कळत नव्हतं. मिरजेत असं न कळलेलं कुणी नव्हतं. तिथे डॉक्टरांनी हात सोडला तोवर अर्ध्या गल्लीला कळलं होतं. मुकुंदला शेजाऱ्यांनी फोन केला. शाळेला, भावांना, विहिणीला, सगळ्यांना परस्पर कळलं. अकरा महिन्यांत मला ते कुणालाच सांगावं लागलं नव्हतं.

“मी तुमच्याशी खोटं बोललो,” मी म्हणालो. “ती मिरजेला नाही.”

“मग कुठे आहे?”

माझ्या हातात अजून पोहे होते. ते सांडू नयेत म्हणून मी मूठ घट्ट धरली.

“ती वारली,” मी म्हणालो. “माझी बायको वारली. माघात.”

आणि मग पट्टम्माळने मला तिथल्या पायरीवर बसवलं. मी रडलो. देवळाच्या दारात, भर संध्याकाळी, अनोळखी गल्लीत. येणारे-जाणारे बघत होते. वैद्यनाथन बायकोला काहीतरी सांगत होता. तेलाच्या बाटलीचंही सांगितलं असावं. ती रागावेल असं मला वाटलं. ती माझ्या खालच्या पायरीवर बसली आणि एवढंच बोलली. वैद्यनाथनने ते मराठीत केलं.

“तो विचारतो, नाव काय होता?”

“शरयू.”

“सरयू,” पट्टम्माळ म्हणाली. नीट म्हटलं गेलं का, म्हणून पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाली, “सरयू.”

घरी पोचलो तेव्हा मुकुंद टीव्हीवर बातम्या बघत होता. केतकी आत होती. मला पाहिल्याबरोबर तो म्हणाला, “काय बाबा, मिळालं का कीर्तन?”

“मिळालं.”

“अरे वा! केतकी, ऐकलंस का? मग आता ठरलं. राहताय.”

मी त्याच्या शेजारी बसलो. तो चाळिशी ओलांडलेला माणूस, कानशिलावर पांढरे केस आलेले. अंत्यविधीच्या दिवशी तो रात्रभर प्रवास करून आला होता आणि दारात माझ्याकडे बघत उभा राहिला होता. मी त्याला म्हणालो होतो, ‘आधी आंघोळ करून घे, पाणी तापलंय.’

“मुकुंदा,” मी म्हणालो, “आई गेली रे.”

त्याने टीव्ही बंद केला. रिमोट ठेवायला त्याला जागा सापडेना. मग तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान असताना रडायचा तसा, आवाज न करता, रडायला लागला. केतकी दारात आली आणि तशीच आत गेली.

कीर्तन मिळालं होतं, तरी आठ दिवसांनी मी मिरजेला परत आलो; ती रिकामी जागा एकदा बघायची होती. मुकुंदने पुन्हा आग्रह केला नाही. येण्याआधी नंगनल्लूरला जाऊन तेलाची बाटली परत करायला लागलो, तर पट्टम्माळने माझ्याच गुडघ्यांकडे बोट दाखवलं.

मिरजेत पहिल्याच सोमवारी कीर्तनाला गेलो. बायकांनी तिची जागा खरंच सोडली होती. मी बघितली. कथा कुठली होती ते आठवत नाही. बुक्का लावून घेतला, आरती घेतली, बाहेर आलो, चपला घातल्या आणि चालायला लागलो.

आता सत्त्याऐंशी पूर्ण झाली. सोमवार चुकवत नाही. घर शंभर पावलांवर आहे.